साहेबांच्या सहीचे कोरे कागद

मी साडेतीन वर्षं आमदार होते. हे वाक्य अजून मी एकटी असताना मोठ्यानं म्हणून बघते, कारण आमच्या जिल्ह्यात ते दुसरं कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात, "साहेब गेल्यावर ताईंनी सांभाळलं." सांभाळलं म्हणजे काय? किराणा दुकान होतं का ते?

साहेब म्हणजे माझे मालक. घरातही मी त्यांना साहेबच म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. दुसऱ्या वेळेस निवडून येऊन त्यांना वर्ष झालं होतं. एका सकाळी ओसरीवर चहा पिता पिता ते गेले. कप फुटला नाही. त्यांनी तो नीट बशीत ठेवला, बशी खुर्चीखाली सरकवली आणि मग मान टाकली. मी समोर मेथी निवडत होते. ते झोपले असं समजून पाच मिनिटं मी त्यांच्याशी बोलत राहिले, याची मला अजून लाज वाटते.

पोटनिवडणूक लागली. पाच महिने व्हायच्या आत मी प्रचाराच्या जीपवर उभी होते. पोस्टरवर त्यांचा फोटो हातभर, माझा वीतभर. "साहेब वरून बघून राहिले, ताई," असं प्रत्येक गावात कुणी ना कुणी म्हणायचं आणि म्हणताना वर बघायचं. मीही वर बघायचे. एकदा एका गावात सगळी सभाच वर बघायला लागली आणि मला वाटलं, खाली माझ्याकडे बघणारं आता कुणीच उरलेलं नाही. भरपूर मतांनी निवडून आले. गुलाल अंगावर पडत होता तेव्हाच मला कळलं होतं की लोकांनी त्यांनाच तिसऱ्यांदा निवडून दिलंय, फक्त या खेपेला साडीत.

मुंबईला सभागृहात शपथ घेताना स्वतःचं पूर्ण नाव उच्चारावं लागतं. आपल्याकडे बाईच्या नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव असतं. पहिलं नाव मी ठणठणीत आवाजात घेतलं, मधल्या नावाला आवाज खाली गेला, आणि माइकमधून ते मधलं नावच सगळ्यात मोठं ऐकू आलं. असं कसं झालं ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारच्या बाकावरच्या सदस्यानं पाणी पुढं केलं.

घराचा पुढचा हॉल म्हणजे आमचं संपर्क कार्यालय. टेबलामागं साहेबांची खुर्ची होती. मी त्या खुर्चीत बसले नाही, बाजूला प्लास्टिकची खुर्ची घेतली. ही माझी पहिली चूक. लोक यायचे, नमस्कार त्या खुर्चीला करायचे आणि अर्ज खुर्चीच्या गादीवर ठेवायचे. एक म्हातारे बाबा भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून आपल्या विहिरीचं गाऱ्हाणं सांगत बसले. उत्तर मी दिलं. ते ऐकून बाबा फोटोलाच म्हणाले, "बरं साहेब, येतो मंग." मला हसू आलं, पण ते गेल्यावर मी उठून फोटो नीट बघून आले.

कार्यालयाचं सगळं बघायचे ते चाचा. कळमनुरीचे. तरुणपणी तहसीलबाहेर टाइपरायटर घेऊन लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, तिथून साहेबांनी जिल्हा परिषदेत असतानाच त्यांना उचलून आणलं आणि वीस वर्षं पीए म्हणून ठेवलं. माणूस निर्मळ. मला आधी भाभी म्हणायचे, शपथविधीच्या दिवसापासून ताई म्हणायला लागले. साहेब असताना करायचे तसंच चाचा रोज सकाळी ती खुर्ची पुसायचे आणि पाण्याचा तांब्या भरून टेबलावर ठेवायचे. दुपारपर्यंत तांब्या अर्धा व्हायचा. आल्यागेल्यातलं कुणी पीत असेल, असं मी स्वतःला सांगायचे. पिताना मात्र मी कुणाला पाहिलं नाही.

त्या वर्षी पुसेगावकडच्या एका शाळेत मला कार्यक्रमाला बोलावलं. मुख्याध्यापकांनी भाषणात पत्राबद्दल आभार मानले. वर्गखोल्यांचं काम त्या पत्रानं मार्गी लागलं म्हणाले. मी असं पत्र दिलेलं नव्हतं. चहाच्या वेळी मी ते बघायला मागितलं. कागद साहेबांच्या लेटरहेडचा, खाली साहेबांची सही आणि वर तारीख महिन्याभरापूर्वीची. साहेबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

साहेब सही फार दाबून करायचे. खालच्या दोन-तीन कागदांवर वळ उठायचे. मी तो कागद उलटा केला आणि पाठीमागून अंगठा फिरवला. वळ होते. त्यांच्या हाताचा जोर माझ्या अंगठ्याला लागला. समोर मुख्याध्यापक पोह्यांचा आग्रह करत होते, बाहेर पोरं स्वागतगीताची पेटी उचलून नेत होती, आणि मी अंगठा काढत नव्हते. मला भीती वाटली. आनंदही झाला, आणि त्या आनंदाचीच जास्त भीती वाटली.

चाचांना विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी विचारलं नाही. पुढचे दोन महिने कुठल्याही गावात गेले की मी नुसती कान देऊन असायचे. "साहेबांचं पत्र गेलं अन् आमची लाइटीची डीपी बसली." "साहेबांच्या पत्रानं दवाखान्यात खाट भेटली." बोलणारी माणसं शहाणीसुरती. साहेब गेलेत हे त्यांना ठाऊक, मातीला आलेली माणसं ती. तरी ते असं बोलायचे, साहेब जरा बाहेरगावी गेल्यासारखे. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हळूहळू मलाही वाटेना. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी सवयीनं चुलीकडे बघायचे, दूध तापलंय का म्हणून.

मग एका दुपारी सगळे जेवायला पांगले होते आणि हॉलमधून प्रिंटरचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. चाचा एक कागद यंत्रात घालत होते. कागद वरपासून खालपर्यंत कोरा होता आणि तळाशी साहेबांची सही होती.

चाचांनी लपवलं नाही. म्हणाले, "बसा, ताई." मी बसले नाही.

"अधिवेशनाला जायच्या आधी साहेब गठ्ठाच्या गठ्ठा सही करून ठेवायचे, तुमाला म्हायती हाय. मागं कोणी गरीब आला तर खाली हात जाऊ नये म्हणून. शेवटचा गठ्ठा तसाच राह्यला."

"चाचा, साहेब गेले."

"ते सगळ्यांनाच म्हायती हाय. ऑफिसर लोकांनाबी."

"मग ते त्या पत्रावर काम कसं करतात?"

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जित्या आमदाराला 'बघतो' म्हणता येते, ताई. मेलेल्या माणसाला 'बघतो' कसं म्हणावं? त्याला न्हाई म्हणून माणूस घरी गेला तर त्याला रात्री जेवण जात न्हाई. खरं सांगतो, राग धरू नका. तुमच्या पत्राला तकलीफ होते. साहेबांच्या पत्राला होत न्हाई."

राग धरायचा नाही तर काय करायचं? मी धरलाच. माझं लेटरहेड छापून आलं होतं, त्यावर सिंहाची राजमुद्रा होती, माझं नाव होतं. अन् काम करत होता तो सरणावर गेलेला माणूस! मी गठ्ठा काढून घेतला, कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली कमरेला लावली. चाचांना म्हटलं, यापुढं जे जाईल ते माझ्या सहीनं जाईल. ते "जी" म्हणाले.

त्याच आठवड्यात ती बाई आली. पुसेगावच्याही आत, ओढ्यापलीकडच्या गावची. शेतकऱ्याची बायको, बोलायला धीट. तिची पोरगी नववीत होती. त्या गावातल्या आठ-दहा पोरी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायच्या. पूर्वी सकाळ-संध्याकाळ बस होती. ओढ्यावरचा पूल खचला तेव्हा ती बंद झाली. पूल दुरुस्त झाला, बस काही परत आली नाही. पोरी हळदीच्या रानातल्या वाटेनं पायी जायला लागल्या.

"अन् एक दिवस पळत आल्या, ताई. वाटंनं कोणीतरी मागं चालून राहिलं होतं म्हणे. बोललं न्हाई, हात लावला न्हाई, नुसतं मागं. ह्या थांबल्या की ते थांबे. वळून पाह्यलं तर हळदीचीच पानं. तवापासून गावानं पोरी घरी बसवल्या."

"कोण होतं?"

"कोणी का असंना. माझ्या पोरीचा बाप म्हणतो, बस सुरू झाली तर शिकू देतो. न्हाई तर दसऱ्याला पाहुणे बोलावले हायेत, सोयरीक पक्की करतो. लेकरू पंधरा वर्साचं हाय, ताई."

दसऱ्याला सहा आठवडे होते. मी दुसऱ्याच दिवशी त्या गावाला गेले. एकटी गेले, चाचांना ताप होता आणि ड्रायव्हर गाडीपाशीच राहिला. पारावर मला बसवलं, माणसं जमली, ती पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं उभी राहिली. टक लावून बघणारं पोर. मी अर्धा तास बोलले. भाषण नव्हतं ते. माझं माहेर हट्ट्याचं. दहावीला मला चांगले मार्क होते आणि पुढं शिकायला वसमतला जायचं होतं. रोज कोण पोचवणार, या एका प्रश्नावर माझी शाळा सुटली. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, साहेबांनाही नाही. त्या पारावर सांगितलं. पोरीच्या बापाकडे बघून म्हटलं, दसऱ्याच्या आत बस आणते, हा माझा शब्द. त्यानं मान हलवली. आमदारकीतला तो एकच दिवस असा होता की माझ्या तोंडून माझाच आवाज आला.

मी पत्र दिलं. मग दुसरं दिलं. आढावा बैठकीत विषय घेतला, विधानसभेत प्रश्न टाकला, त्याचा नंबर लागला नाही. शेवटी डेपोत जाऊन बसले. तिथल्या मॅनेजरनी उठून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "ताई, बघतो." गाड्या कमी आहेत, चालक कमी आहेत, पूल दुरुस्त झाल्याचा दाखला यायचाय. दाखला मी स्वतः आणून दिला. "बघतो, ताई." मग जरा थांबून, अगदी मायेनं म्हणाले, "साहेबांचं काही पत्र असतं तर बरं झालं असतं." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती. माणूस घाबरलेला होता.

घट बसले. दुसऱ्या माळेला त्या बाईचा फोन आला. "ताई, पोरीसाठी साडी आणून ठेवली हाय तिच्या बापानं. तुमी म्हणल्या होत्या." एवढंच बोलून तिनं फोन ठेवून दिला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी कमरेची किल्ली काढली आणि चाचांना बोलावलं. त्यांनी कागद घातला आणि बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. मी सांगत गेले. "सदर बसफेरी तात्काळ पूर्ववत करून केलेल्या कार्यवाहीबाबत मला अवगत करावे." चाचांची बोटं थांबली. अवगत हा साहेबांचा शब्द. मी जन्मात कधी वापरला नव्हता, 'कळवावे' म्हणायचे. पुढची वाक्यंही तशीच आली, एकामागून एक, मी विचार न करता. शेवटी मला माझ्या घशात त्यांचा खोकला येईलसा वाटला आणि मी तोंडावर पदर धरला. चाचांनी अंतर वगैरे काही मोजलं नव्हतं. तरी मजकूर बरोबर सहीच्या दोन बोटं वर येऊन संपला, साहेबांनी वाचून मग सही केल्यासारखा.

पाचव्या माळेला बस सुरू झाली.

गावानं बसच्या काचेला हार घातला आणि हाराच्या मधोमध साहेबांचा फोटो बांधला. मला बोलावणं आलं होतं. बरं नाही म्हणून मी गेले नाही. खरं तर मी दिवसभर माजघरात बसून रडले. पोरगी वाचली म्हणून रडले, आणि माझ्या शब्दानं वाचली नाही म्हणूनही रडले. यातलं जास्त कशासाठी होतं, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बंबाखाली मी उरलेले सगळे कागद जाळले. चाचा टोपी घालून, हात बांधून शेवटपर्यंत उभे राहिले, मयतीला उभे राहतात तसे. कागद जळताना सहीच्या जागी जरा उशीर लागत होता. शाईमुळं असेल.

आता संपलं असं मला वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात एका बैठकीत एका अधिकाऱ्यानं साहेबांचं पत्र वाचून दाखवलं. तारीख मागच्या आठवड्याची. मी कागद मागून घेतला, पाठीमागून अंगठा फिरवला. गुळगुळीत. ही सही साहेबांची नव्हती, चाचांची नव्हती, कुणीतरी घोटून घोटून शिकून केली होती. नंतर अशी आणखी आली, वेगवेगळ्या गावांतून. कोण करतं ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. कामं होत होती. तक्रार करायला गेले असते तर आधी माझंच बसचं पत्र निघालं असतं.

मुदत संपली. पुढचं तिकीट माझ्या दिरांना मिळालं. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, "ताईंनी सांभाळलं" असं तीन जणांनी म्हटलं. चाचा कळमनुरीला लेकाकडे गेले. मी घरी आले, म्हणजे हॉलमधून माजघरात आले.

या वर्षी ती बाई पेढे घेऊन आली. पोरगी बारावी झाली, नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. "जायच्या आधी घरी या, ताई, तिला लई वाटून राहिलं." मी गेले. आता पोलीस नाही, जीप नाही, भाच्याच्या मोटारीतून गेले. पोरगी उंच झालीय. चहा तिनंच केला. मला त्या दिवसाबद्दल तिच्या तोंडून ऐकायचं होतं, दुसरं काही नको होतं. म्हणून मीच विषय काढला. म्हटलं, "मी पारावर आले होते ते आठवतं का गं तुला?"

"व्हय की. साहेब आले होते तवा."

"साहेब नव्हते तेव्हा, बाई. ते त्याच्या वर्षभर आधीच गेले होते."

"होते ना! पारावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, घाम पुसून राहिले होते. मीच पाणी दिलं." तिनं त्यांना जिवंतपणी कधी पाहिलेलं नव्हतं. पोस्टरवर त्यांची टोपी कायम डोक्यावर असायची. टोपी मांडीवर घ्यायची सवय फक्त घरची.

"अन् मी?"

"तुमी मागं उभ्या होत्या, पदर घेऊन. काही बोलल्या न्हाई."

मी तिच्या आईकडे बघितलं. ती मान डोलावत होती. "व्हय ताई, साहेबांनी शब्द दिला म्हणून तर हिचा बाप थांबला."

"काय म्हणाले साहेब?"

पोरीला सगळं पाठ होतं. "साहेब म्हणले, माझी बायको हट्ट्याची. दहावीला तिला चांगले मार्क होते. रोज कोण पोचवणार म्हणून तिची शाळा सुटली. तसं ह्या पोरीचं होऊ देणार न्हाई." सांगताना तिचे डोळे भरले. "तेच ऐकून मी शिकले, ताई. तुमाला बरं वाटलं असंल न्हाई तवा, साहेब तुमच्याबद्दल असं बोलले तर?"

बाहेर बस आली होती. शाळेतून सुटलेल्या पोरी उतरत होत्या, पाच-सहा, मोठमोठ्यानं भांडत, चपला फटफटवत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"हो," मी म्हटलं. "बरं वाटलं."

त्या पोरीला खोटं कसं पाडायचं? आणि एवढ्यात मलाच नीट आठवेनासं झालंय. तो दिवस आठवायला बसले की पारावर ते दिसतात, मांडीवर टोपी, कपाळाला घाम. मी मागं उभी असते. मला सांगायचं असतं की हे माझं आहे, हे मी बोलले. पण ते बोलत असतात, सगळं गाव ऐकत असतं, आणि मी गप्प राहते.